कड्यावरच्या पहारेकऱ्याचं लेबल पुसू नका

प्रति,
कोलोरॅडो नदीच्या कॅन्यन प्रदेशातले वनस्पती-नमुने सांभाळणाऱ्या विद्यापीठांचे आणि संग्रहालयांचे प्रशासक,
तसंच या नमुन्यांच्या नोंदी नेटवर ठेवणाऱ्या पोर्टलांचे संपादक यांस,

स. न. वि. वि.

अ‍ॅरिझोनात ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर, अगदी कडेला, कैबाब चुनखडकाच्या भेगांत एक झुडुपवजा रोप वाढतं. झुडूप म्हणायलाही संकोच वाटावा असं: उंची अडीच सेंटिमीटरच्या आत, जमिनीलगत पसरलेली गादी फार तर पंचवीस सेंटिमीटरची. एप्रिलच्या शेवटी आणि मेमध्ये त्यावर फिकट जांभळी फुलं येतात, जूनपर्यंत मटारच्या दाण्यापेक्षा लहान शेंगा धरतात, आणि मग वर्षभर ते पायाखाली आलं तरी कुणाला कळत नाही. तूर-हरभऱ्याच्या कुळातलंच हे. शास्त्रीय नाव अ‍ॅस्ट्रागॅलस क्रेम्नोफायलॅक्स, म्हणजे ग्रीक शब्दांनुसार ‘कड्याचा पहारेकरी’. इंग्रजीत त्याला सेंट्री मिल्कव्हेच म्हणतात.

मार्कस जोन्स यांनी 1903 साली ते गोळा केलं. रूपर्ट बार्नबी यांनी त्याला स्वतंत्र जात म्हणून नाव दिलं ते 1948 साली. 5 डिसेंबर 1990 रोजी अमेरिकी सरकारने त्याच्या मुख्य प्रकाराला नष्टप्राय जातींच्या यादीत घातलं. बराच काळ ते मारिकोपा पॉइंट या एकाच ठिकाणचं म्हणून माहीत होतं, आणि तिथे त्याचा शत्रू होता तो देखावा बघायला आलेल्यांचे बूट. राष्ट्रीय उद्यानाने तिथे कुंपण घातलं, वाहनतळ हटवून जागा मोकळी केली. त्या कड्यावर उभं राहून फोटो काढलेली मराठी कुटुंबं काही कमी नाहीत. हे पत्र मराठीत आहे त्याचं कारण मात्र वेगळं. हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पती कागदावर डकवून ठेवणाऱ्या संग्रहाच्या, शीटवरची लेबलं घरबसल्या संगणकावर उतरवून काढणाऱ्यांत जगभरातले लोक आहेत, त्यांत मराठी माणसंही आहेत. या नोंदी उतरवणं, तपासणं आणि त्यांवरून नकाशे करणं हे आमचं काम. नोंद चुकली की नकाशा चुकतो, आणि नकाशा चुकला की कुंपण भलत्या ठिकाणी पडतं.

निमित्त सांगतो. फेब्रुवारी 2024 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठाने आपलं सव्वाआठ लाख नमुन्यांचं हर्बेरियम यापुढे स्वतः न सांभाळण्याचा निर्णय जाहीर केला. ते कॅन्यन प्रदेशापासून फार लांब आहे आणि तिथल्या निर्णयाचा जाब आपल्याला विचारण्यात अर्थ नाही. पण असा निर्णय घेणाऱ्या कुठल्याही प्रशासनाच्या हाताशी एक सोयीचं वाक्य असतं: ‘सगळं स्कॅन झालंय ना, मग कागद कुठे का असेनात!’ कॅन्यन प्रदेशातल्या संग्रहांबाबत हे वाक्य कुणी उच्चारण्याआधी स्कॅनमध्ये काय येतं आणि काय येत नाही, ते आपल्यापुढे मांडणं आम्हाला भाग आहे.

एक शीट डोळ्यांसमोर आणा. सुमारे 29 गुणिले 42 सेंटिमीटरचा आम्लविरहित जाड कागद. मध्ये डिंकाने आणि पट्ट्यांनी बसवलेलं वाळकं रोप. उजवीकडे खाली लेबल. त्याच्या वर किंवा बाजूला नंतरच्या अभ्यासकांनी डकवलेल्या चिठ्ठ्या: अमक्याने अमुक साली ही तमुक जात ठरवली. कोपऱ्यात बारकोड. आणि डावीकडे वर घडी घातलेलं एक कागदी पाकीट.

आमची पहिली तक्रार या पाकिटाबद्दल आहे. अ‍ॅस्ट्रागॅलस ही बऱ्याच जातींची प्रजाती, आणि त्यातली जात ओळखायची ती शेंगेवरून. फूल आणि पान बघून फसगत होते, हे या प्रजातीवर काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. शेंगेत पडदा आहे की नाही, ती देठावरून गळते की देठावरच उकलते, तिच्यावर लव कशी आहे, हे सगळं पाहावं लागतं. वाळलेल्या रोपावरून शेंगा गळतात, म्हणून माउंटिंग करणारा त्या गोळा करून पाकिटात ठेवतो. स्कॅन करताना पाकीट उघडलं जात नाही, कारण एका शीटला एक फोटो हा हिशोब ठरलेला असतो. म्हणजे ओळख पटवणारा अवयव नेमका फोटोबाहेर राहतो आणि नोंदीत ‘फळ: नाही’ असं पडतं. पुढे कुणी फुलण्या-फळण्याच्या तारखांचा तक्ता करतो, त्यात हे ‘नाही’ खरं धरलं जातं.

जी गोष्ट पाकिटाची तीच लवेची. अ‍ॅस्ट्रागॅलसच्या काही जातींत केस एका टोकाशी चिकटलेला असतो, काहींत मधोमध, टी अक्षरासारखा. गट वेगळे करताना हा फरक लागतोच. आता हिशोब करा: 600 पीपीआयच्या, म्हणजे इंचाला 600 पिक्सेलच्या, स्कॅनमध्ये एक पिक्सेल म्हणजे 25.4 भागिले 600, साधारण 0.042 मिलिमीटर. बारीक केसाची जाडी याहून कमी भरते. स्क्रीनवर कितीही मोठं करा, पांढुरका धूर दिसतो, केस कुठे चिकटलाय ते दिसत नाही. त्याला वीसपट भिंग आणि समोर ठेवलेली शीटच लागते. 1903 ते 1948 अशी 45 वर्षं गेल्यावरही हे रोप वेगळं आहे असं म्हणता आलं, कारण वाळलेलं रोप हातात घेऊन इतर जातींशी ताडून पाहता येत होतं. जोन्स यांचा संग्रह 1923 साली पोमोना कॉलेजने विकत घेतला आणि तो आज कॅलिफोर्नियात क्लेअरमाँटला आहे. तेव्हा संग्रह हलवूच नयेत असं आमचं म्हणणं नाही. हलवायचे तर कुठे, कुणाच्या देखरेखीत आणि कुणाला उघडून पाहता येतील, हा प्रश्न आहे.

हलवण्याबद्दल एक व्यवहाराची गोष्ट, कारण खोकी भरणाऱ्याला ती बहुधा कुणी सांगत नाही. शीटांचा खरा शत्रू सिगारेट बीटल आणि ड्रगस्टोअर बीटल हे दोन बारके भुंगेरे. नव्या इमारतीत शिरण्याआधी प्रत्येक गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे 20 अंशांना निदान आठवडाभर ठेवावा लागतो. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. गठ्ठा खोलीच्या तापमानाला आला की मगच उघडायची, नाहीतर थंड कागदावर दव धरतं, लेबलवरची जुनी शाई फुटते आणि दोन आठवड्यांनी बुरशी येते. वाळवंटातल्या हर्बेरियममध्ये ही काळजी फारशी घ्यावी लागत नाही, हवाच कोरडी असते. तोच गठ्ठा दमट प्रदेशातल्या गोदामात गेला की सगळं बदलतं. मुंबई-पुण्याच्या हर्बेरियममध्ये पावसाळा काढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरी तक्रार लेबलच्या शब्दांबद्दल, आणि आमच्या लेखी हीच सर्वांत मोठी.

जुनं लेबल मोघम असतं. ‘ग्रँड कॅन्यन, दक्षिण कडा’ एवढंच. त्याला अक्षांश-रेखांश द्यायचे म्हणून कुणीतरी कौंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, मध्यबिंदू घालतं. ही कौंटी कोकोनिनो. क्षेत्रफळ सुमारे 48,000 चौरस किलोमीटर. महाराष्ट्रातला सगळ्यांत मोठा जिल्हा अहिल्यानगर, तो हिच्यात पावणेतीन वेळा सहज बसेल. त्या मध्यबिंदूला ‘अनिश्चितता इतके किलोमीटर’ हा रकाना भरलेला नसेल तर नकाशावर तो बिंदू काल जीपीएसने घेतलेल्या बिंदूसारखाच दिसतो. कड्यावरून खोल दरीपर्यंत उभ्या उताराच्या प्रदेशात याचा अर्थ काय होतो बघा. टाउनशिप-रेंज-सेक्शन या अमेरिकी जमीनमोजणीच्या चौकोनांवरून ठिकाण ठरवलं तर सेक्शन एक मैल बाय एक मैल, मध्यापासून कोपरा 1.14 किलोमीटर. सपाट कॅन्ससमध्ये एवढ्या चुकीने फार बिघडत नाही. इथे तेवढ्या अंतरात जमीन शेकडो मीटर खाली जाते, खडक बदलतो, पाऊसमान बदलतं. कड्यावरच्या पिन्यन-ज्युनिपर झाडांच्या रानातलं रोप खालच्या ओसाड वाळवंटी पट्ट्यात जाऊन बसतं. मग ती जात किती उष्णता सोसते याचं मॉडेल चालवणारा आनंदाने लिहितो की हिला बरीच उष्णता चालते.

खोट्या अचूकतेचा प्रकारही तितकाच वाईट. लेबलवर अक्षांश ‘36 अंश 4 मिनिटं’ असतो. संगणक त्याचे 36.066667 करतो. एक मिनिट म्हणजे 1.85 किलोमीटर, आणि दशांशाची सहा स्थळं म्हणजे अकरा सेंटिमीटर, त्या रोपाच्या गादीच्या निम्म्याहूनही कमी. लेबलवाला दोन किलोमीटरच्या पट्ट्याबद्दल बोलत होता, नोंद अर्ध्या वितेएवढ्या जागेबद्दल बोलते.

आणि डेटम, म्हणजे नकाशाचे आकडे ज्या मूळ चौकटीवरून मोजतात ती. 1980 च्या दशकापर्यंतच्या बहुतेक टोपो नकाशांवर एनएडी27 हा डेटम आहे. त्यावरून वाचलेले यूटीएम आकडे (मीटरमध्ये दिलेलं ठिकाण) डब्ल्यूजीएस84, म्हणजे जीपीएसचा डेटम, समजून टाकले तर या भागात बिंदू सुमारे 200 मीटर दक्षिणेला सरकतो, म्हणजे कड्यावरून आत, रस्त्याकडे किंवा झाडीत. उलट चूक केली, जीपीएसचे आकडे जुन्या नकाशावर मांडले, तर 200 मीटर उत्तरेला. दक्षिण कड्याच्या उत्तरेला 200 मीटर म्हणजे हवेत. कडेपासून काही पावलांच्या आत राहणाऱ्या रोपाला ही चूक परवडत नाही.

या सगळ्यावर उपाय महाग नाही. लेबलवरचा मजकूर जसाच्या तसा, स्पेलिंगच्या चुकांसकट, एका रकान्यात राहू द्या आणि त्याला कुणी हात लावू नये. डार्विन कोअर या प्रमाणित मांडणीत त्यासाठी ‘व्हर्बेटिम लोकॅलिटी’ हा रकाना आहेच. अन्वयार्थ वेगळ्या रकान्यात लिहा, त्याखाली कुणी, केव्हा, कोणत्या नकाशावरून आणि किती मीटरच्या अनिश्चिततेने, तेही लिहा. होतं असं, की साफसफाईच्या एका फेरीत मूळ रकानाच ‘सुधारला’ जातो. त्यानंतर चूक झाली होती हे कळण्याचाही मार्ग उरत नाही.

तारखांचंही इथेच सांगून टाकतो, कारण यात दोष आमच्या बाजूच्या लोकांचाही आहे. लेबलवर ‘5/4/03’ लिहिलेलं असतं. अमेरिकी माणसाला ते 4 मे वाटतं, आपल्याकडच्याला 5 एप्रिल. जे फूल एप्रिलअखेरीपासून फुलतं, त्याच्या बाबतीत हा महिन्याचा फरक म्हणजे ‘हवामानबदलाने लवकर फुललं’ अशी बातमी. साल 1903 की 2003 हा आणखी वेगळा घोळ. उतरवून काढणाऱ्याला लेबलवरचं आहे तसं टंकायला सांगा, महिना वेगळ्या रकान्यात शब्दांत निवडायला लावा, आणि शंका असेल तर ‘शंका’ असं बटण द्या. बटण नसलं की माणूस अंदाजाने काहीतरी भरतो.

तिसरी तक्रार पाण्याखालच्या बिंदूंची. ती आपल्यापैकी काहींना क्षुल्लक वाटेल, म्हणून थोडं थांबून सांगतो.

1938 च्या उन्हाळ्यात मिशिगन विद्यापीठाच्या एल्झाडा क्लोव्हर आणि लॉइस जॉटर या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ यूटामधल्या ग्रीन रिव्हर गावाहून लाकडी बोटीतून निघाल्या आणि लेक मीड या जलाशयापर्यंत नदीने गेल्या. वाटेत त्यांनी नदीकाठची झाडंझुडपं गोळा केली, दाबली, वाळवली. 1944 साली त्यांनी या प्रदेशाच्या वनस्पतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. मार्च 1963 मध्ये ग्रँड कॅन्यनच्या वरच्या अंगाला, याच नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे बंद झाले, 1980 साली जलाशय पहिल्यांदा भरला आणि सुमारे 300 किलोमीटर लांबीची दरी पाण्याखाली गेली. धरणापूर्वीच्या काठावर काय उगवत होतं याचा पुरावा म्हणजे क्लोव्हर-जॉटर यांच्या शीट, आणि 1950 च्या दशकाच्या अखेरीस धरणाच्या आधी घाईने झालेल्या सर्वेक्षणातले नमुने.

आता ‘ग्लेन कॅन्यन, अमुक उपनदीच्या मुखाशी, वाळूच्या थडीवर’ अशा धाटणीच्या लेबलला आजच्या नकाशावर बिंदू दिला की तो तलावाच्या मध्यभागी पडतो. जमिनीवरची वनस्पती पाण्यात, म्हणजे नोंद सदोष, असं मानून संगणकातली चाळणी ती बाजूला काढते. ज्या नोंदी सर्वांत मोलाच्या, नेमक्या त्याच आधी जातात! दुसरा कुणी दयाळूपणे तो बिंदू जवळच्या कोरड्या काठावर ओढतो, तेव्हा थडीवरचं झुडूप उभ्या खडकावर चढतं. तिसरा काहीच करत नाही, पण समुद्रसपाटीपासूनची उंची आजच्या उंची-नकाशातून उचलतो. त्या नकाशात असते पाण्याची पातळी. धरणाजवळ पूर्ण भरलेलं पाणी सुमारे 170 मीटर खोल, तेवढी चूक उंचीत शिरते.

बरोबर पद्धत आहे. यूएस जिऑलॉजिकल सर्व्हेने 1921 साली या नदीची मोजणी केली, तेव्हाच्या नकाशांत धरणापूर्वीचा काठ, उपनद्यांची मुखं आणि उंचीरेषा आहेत. बिंदू त्यावरून ठरवायचा, उंची त्यावरून घ्यायची, शेऱ्यात नकाशाचं नाव लिहायचं आणि ‘पाण्यात’ असा फक्त झेंडा लावायचा, नोंद काढायची नाही. हे केवळ इतिहासासाठी मागत नाही आहोत. 2023 च्या सुरुवातीला जलाशयाची पातळी पूर्ण पातळीपेक्षा 50 मीटरहून अधिक खाली गेली होती आणि अनेक दशकं बुडालेल्या दऱ्यांची तोंडं उघडी पडली होती. तिथे आता जे उगवतंय ते मूळचं की गाळावर आलेलं तण, हे ठरवायला धरणापूर्वीच्या शीटांखेरीज दुसरा आधार फार थोडा आहे.

चौथी गोष्ट लपवाछपवीची. दुर्मिळ वनस्पतीचं नेमकं ठिकाण लोकांपासून झाकून ठेवायचं, हे आम्हाला मान्य आहे. सह्याद्रीत कंदीलपुष्पाच्या जागा उघड झाल्या की कंद उपटले जातात, तसंच कॅन्यन प्रदेशात निवडुंगांचं होतं. पण झाकायचं तर नीट झाका. कोऑर्डिनेट लपवून शेजारच्या फोटोत लेबल स्वच्छ वाचता येतं, हा काय प्रकार? आणि बिंदू मुद्दाम दहा किलोमीटर हलवला असेल तर तसं नोंदीत लिहा. नाही लिहिलं तर पुढचा तो खरा धरतो. संशोधकाने रीतसर ओळख देऊन मूळ ठिकाण मागितलं, तर उत्तर महिन्याभरात मिळावं. नाहीतर कुलूप घालून किल्ली हरवल्यासारखंच आहे.

ड्युप्लिकेटचं थोडक्यात. एकाच रोपवस्तीतून एकाच दिवशी एकाच क्रमांकाचे पाच नमुने पाच संस्थांकडे जातात, पाचही जण स्वतंत्रपणे बिंदू देतात, आणि नकाशावर एक वस्ती पाच वस्त्या होऊन बसते. नष्टप्राय जातीच्या बाबतीत यासारखा खोटा दिलासा नाही. संग्राहकाचं नाव, क्रमांक आणि तारीख जुळवून हे गट बांधता येतात. एका संस्थेने तज्ज्ञाकडून नाव दुरुस्त करून घेतलं तर बाकी चौघांना कळवण्याची रीत पूर्वी टपालाने चालायची. संगणक आल्यावर ती बंद का पडावी?

आमच्या मागण्या अशा.

संग्रह हलवण्याचा किंवा देऊन टाकण्याचा कोणताही निर्णय निदान एक वर्ष आधी जाहीर करा. प्रत्येक शीट कुठे जाणार त्याची यादी बारकोडसह लावा. कॅन्यन प्रदेशातले नमुने शक्यतो त्याच कोरड्या प्रदेशातल्या हर्बेरियमला द्या, आणि जिथे जातील तिथे पगारी क्युरेटर, म्हणजे संग्रह सांभाळणारा तज्ज्ञ, आहे याची लेखी खात्री घ्या. कपाट आणि एसी म्हणजे क्युरेटर नव्हे.

लेबलचा मूळ मजकूर आणि मूळ तारीख असलेले रकाने सर्वांसाठी कुलूपबंद करा, पोर्टलच्या संपादकांसाठीही. अनिश्चिततेचा रकाना रिकामा असलेला बिंदू नकाशावर वेगळ्या रंगात दाखवा.

अ‍ॅस्ट्रागॅलससारख्या शेंगेवरून ओळखायच्या प्रजातींची पाकिटं उघडून, आतला माल पट्टीशेजारी ठेवून, दुसरा फोटो काढा. सगळं एकदम जमणार नाही हे कळतं. टाइप नमुने (ज्यांवरून जातीला नाव दिलं गेलं ते) आणि नष्टप्राय यादीतल्या जाती यांपासून सुरुवात करा. सेंट्री मिल्कव्हेचच्या शीट इतक्या थोड्या आहेत की तेवढं काम काही दिवसांत उरकेल. पाकिटातून डीएनएसाठी पान काढलं असेल तर किती मिलिग्रॅम, कुणी आणि कधी, ते शीटवरच्या चिठ्ठीवर आणि नोंदीतही लिहा.

जलाशयात पडणाऱ्या 1963 पूर्वीच्या नोंदी चाळणीतून वगळणं ताबडतोब थांबवा, आणि आजवर वगळलेल्या नोंदींची यादी उघड करा.

चूक कळवली की पोच द्या आणि 90 दिवसांत मान्य, अमान्य किंवा ‘तपासायचं आहे’ यांपैकी एक उत्तर द्या. अमान्य असेल तर एका ओळीत कारण. आम्ही कळवलेलंच बरोबर असा आमचा हट्ट नाही. शीट समोर असलेल्या माणसाने बघून सांगितलं की आम्ही चुकलो, तर ते ऐकून घेऊ.

यांतल्या कुलूपबंद रकान्याच्या मागणीला नवा पैसा लागत नाही, एक सेटिंग बदलावं लागतं. ते आधी करा. बाकीचं कोणत्या क्रमाने आणि किती मुदतीत करणार, याचा आराखडा पुढच्या एप्रिलमध्ये कड्यावर फुलं यायच्या आत जाहीर करा.

आपले,
कॅन्यन प्रदेशातल्या हर्बेरियम नोंदी उतरवणारे आणि तपासणारे काही मराठी भाषक